उद्यानविद्येचं प्रशिक्षण वर्ष: माती, रोपं, कलमं आणि स्वतःचा वाफा

मातीवाली

उद्यानविद्येच्या एक वर्षाच्या प्रशिक्षणात असलेल्यांसाठी हा धागा काढते आहे. सिद्धांत वर्गात होतोच. पण विद्यार्थ्याच्या ताब्यात वर्षभर एक वाफा, रोपवाटिकेतला एक कोपरा आणि चार-दोन झाडं असतात. त्यांचं काय करायचं, किती मापानं करायचं आणि कुठे फसतं, हे एका जागी यायला हवं. महिन्यांची नावं टाळू या, कारण हवामान प्रत्येकाचं वेगळं. झाड वाढीत आहे की सुप्तावस्थेत, एवढं सांगितलं तरी पुरे.

सुरुवात मातीपासून. पहिले काही आठवडे काहीही न लावता फक्त मातीला द्यावेत असं माझं ठाम मत आहे. वाफ्यात जे मरतं त्यातलं बरंचसं मुळाशी हवा न पोचल्यामुळे आधीच खचलेलं असतं. बुरशी त्यानंतर येते, आणि नाव मात्र तिचं होतं.

बरणीची चाचणी: सरळ भिंतीच्या काचेच्या बरणीत एक तृतीयांश माती घ्या. खडे-मुळं काढून टाका. चिमूटभर कपडे धुण्याची पावडर घालून बरणी पाण्यानं भरा आणि पाच-दहा मिनिटं जोरात हलवून ठेवून द्या. मिनिटभरात जो थर बसतो ती वाळू. साधारण दोन तासांत त्यावर बसतो तो गाळ. बाकीची चिकणमाती, तिला एक-दोन दिवस लागतात. प्रत्येक थराची उंची एकूण उंचीनं भागली की टक्केवारी मिळते. वर तरंगतो तो सेंद्रिय कचरा, तो यात धरायचा नाही.

निचऱ्याची चाचणी: ३० सेंमी खोल खड्डा पाण्यानं भरा, पूर्ण जिरू द्या, लगेच पुन्हा भरा. दुसऱ्या वेळी पातळी तासाला किती उतरते ते पट्टीनं मोजा. पहिल्या वेळचा आकडा उपयोगाचा नाही, कारण कोरडी माती पाणी ओढून घेते. तासाला २.५ सेंमीपेक्षा कमी उतरलं तर वाफा उंच करा किंवा चर काढा. खत घालून हा प्रश्न सुटत नाही.

खणण्याआधी मुठीत माती दाबून गोळा करा. बोटानं टोचल्यावर फुटला तर खणा. नुसता खड्डा पडून गोळा तसाच राहिला तर थांबा. ओली चिकणमाती खणली की ढेकळं विटेसारखी घट्ट होतात आणि त्या हंगामात पुन्हा सुटत नाहीत.

वाफा_सात

ताई, दोन प्रश्न. आमची माती फार चिकट आहे. वाळू मिसळली तर चालेल का? आणि वाफा किती रुंद ठेवावा?

मातीवाली

वाळू नको. थोडी वाळू घातली की चिकणमाती तिच्या कणांमधल्या फटी भरते आणि निचरा होता त्याहून वाईट होऊ शकतो. वाळूचे कण एकमेकांना टेकले तरच फटी उघड्या राहतात, आणि त्यासाठी मिश्रणात निम्म्याहून जास्त वाळू लागते. एवढी वाळू वाफ्यात कोणी आणत नाही. त्याऐवजी मुरलेल्या कंपोस्टचा ५ सेंमी थर पसरून वरच्या १५-२० सेंमीत मिसळा. १ चौरस मीटरला ५० लिटर कंपोस्ट लागतं.

रुंदी १.२ मीटर. दोन्ही बाजूंनी ६० सेंमीपर्यंत हात पोचतो, म्हणून वाफ्यात पाय ठेवावा लागत नाही. लांबी कितीही चालेल, पण फार लांब केला की लोक वळसा घालायचा कंटाळा करून मधूनच जातात. ढकलगाडी न्यायची असेल तर वाट ९० सेंमीची ठेवा.

रोपवाटिकाकार

मातीवालीताईंशी शंभर टक्के सहमत. रोपवाटिकेतही तेच दुखणं आहे, फक्त भांडं लहान असल्यामुळे लवकर दिसतं.

प्रोट्रेच्या (रोपं वाढवायच्या कप्प्यांच्या ट्रेच्या) कप्प्याची खोली चार-पाच सेंमी. पाणी दिल्यावर माध्यमाच्या (मातीऐवजी भरलेल्या मिश्रणाच्या) तळाशी एक थर नेहमीच गच्च ओला राहतो, तेवढं पाणी गुरुत्वाकर्षणानं निघत नाही. त्या थराची उंची भांड्यावर नाही, माध्यमाच्या कणांवर ठरते. म्हणून तेच मिश्रण उंच कुंडीत बरं वागतं आणि प्रोट्रेत रोपं बुडवतं. प्रोट्रेसाठी कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) परलाइट (फुगवलेल्या खनिजाचे हलके कण) किंवा चाळलेलं भरड माध्यम हवं. बागेची माती प्रोट्रेत अजिबात नको.

माध्यमात हवा किती आहे हे मोजता येतं, आणि प्रत्येक विद्यार्थ्यानं एकदा तरी मोजावं. कुंडीची भोकं चिकटपट्टीनं बंद करा आणि तिच्यात किती मिली मावतं ते पाणी ओतून मोजा. पाणी काढून ओलसर माध्यम भरा, नेहमी दाबता तेवढंच दाबा. आता पृष्ठभाग चमकेपर्यंत हळूहळू पाणी घाला आणि तासभर ठेवा. मग परातीवर धरून भोकं उघडा आणि निथळलेलं पाणी मोजा. १००० मिलीच्या कुंडीतून १५० मिली निथळलं तर हवेची जागा १५ टक्के. १० ते २० टक्क्यांत बहुतेक रोपं खूश असतात. छाट कलमांना (फांदीची काडी खोचून केलेल्या कलमांना) याहून जास्त हवा लागते.

कोकोपीटच्या विटेत मीठ असू शकतं. भिजवल्यावर पिळून निघालेल्या पाण्याची ईसी (विद्युतवाहकता, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं माप) मोजा आणि जास्त आली तर गोड्या पाण्यानं धुऊन पुन्हा मोजा. पानांच्या कडा करपल्या की लोक खत वाढवतात. कारण मीठ असेल तर ते उलट पडतं.

बी पेरताना खोली बियाच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट. पिटुनिया, बेगोनिया, लेट्यूस यांचं बी झाकू नका, त्यांना उगवायला उजेड लागतो. लेट्यूसचं बी ३० अंशांच्या वर बऱ्याचदा उगवतच नाही. ते बी मेलेलं नसतं, उष्णतेनं झोपलेलं असतं. थंड जागी ठेवलं की येतं. टोमॅटोला मात्र २१ ते २९ अंश आवडतात.

पानगळ

कुंडीच्या तळाशी खडी किंवा खापराचे तुकडे घातले की निचरा सुधारतो ना? आमच्याकडे सगळे तेच करतात.

रोपवाटिकाकार

सुधारत नाही. बारीक कणांतून भरड खडीत पाणी सहज उतरत नाही, वरचं माध्यम पुरतं भरल्याशिवाय ते खाली सुटत नाही. म्हणजे तो गच्च ओला थर खडीच्या वर सरकतो आणि मुळांना जागा कमी मिळते.

पटत नसेल तर भांडी घासायचा जाड स्पंज पाण्यात बुडवा आणि आडवा धरून ठिबकणं थांबू द्या. आता तोच उभा करा, आणखी पाणी गळेल. स्पंज तोच, उंची वाढली. कुंडीत उंची कमी करून निचरा वाढत नसतो. भोकातून माती वाहून जाऊ नये एवढाच हेतू असेल तर जाळीचा तुकडा पुरे.

वाफा_सात

रोपं उगवून चार-पाच दिवसांत जमिनीलगत बारीक होऊन आडवी पडतात. त्यावर बुरशीनाशक कोणतं?

रोपवाटिकाकार

याला रोपं कोलमडणं म्हणतात. पिथियम, रायझोक्टोनिया अशा बुरशीवर्गीय रोगजंतूंचं काम. पडलेलं रोप कशानंही उठत नाही, त्यामुळे औषधाआधी या गोष्टी बघा. पाणी संध्याकाळी देता का? सकाळी द्या, म्हणजे रात्रीपर्यंत पृष्ठभाग सुकतो. बी दाट पडलं आहे का? ट्रे जुने असतील तर घासून, निर्जंतुक करून वापरले का? उगवण झाल्यावरही ट्रे प्लॅस्टिकखाली झाकलेले राहिले का? शेवटचं कारण मी सगळ्यात वर ठेवीन. पहिला कोंब दिसला की झाकण काढायचं, सगळे येईपर्यंत थांबायचं नाही. ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपकारक बुरशी) पेरणीच्या वेळीच माध्यमात मिसळला तर उपयोग होतो, रोपं पडायला लागल्यावर नाही.

माध्यमावर हिरवं शेवाळ आणि बारीक काळ्या माश्या दिसल्या तरी निदान तेच, पाणी जास्त होतंय.

खुंट_आणि_डोळा

कलमांचं मी लिहिते. छाट कलमापासून सुरुवात करा, ते जमलं की हात बसतो.

कोवळ्या फांदीची काडी ७-१० सेंमी, अर्धपक्व १०-१५, पक्व लाकडाची १५-२५. खालचा काप पेऱ्याच्या लगेच खाली आडवा, वरचा तिरका. यानं पाणी ओघळतं हे एक, आणि काडी उलटी खोचली जात नाही हे त्याहून महत्त्वाचं. उलट्या काडीला मुळं जवळपास येत नाहीत. खालची पानं काढा, वरची मोठी असतील तर अर्धी कापा. काडी सकाळी काढायची, तेव्हा तिच्यात पाणी भरपूर असतं.

आयबीए (मुळं फुटण्यासाठी लावायचं संप्रेरक) पाण्यात विरघळत नाही. इथे हमखास गोंधळ होतो, पावडर पाण्यात टाकून ढवळत बसतात आणि ती तळाशी राहते. १०० मिली २००० पीपीएम (लिटरला तेवढे मिलीग्रॅम) द्रावणासाठी २०० मिलीग्रॅम आयबीए ५० मिली अल्कोहोलमध्ये पूर्ण विरघळवा, मग ऊर्ध्वपातित पाणी घालून १०० मिली करा. कोवळ्या काड्यांना ५०० ते १०००, अर्धपक्वला १००० ते ३०००, पक्व लाकडाला २५०० ते ५००० पीपीएम. बुडखा १-२ सेंमी फक्त पाच सेकंद बुडवा, वाऱ्यावर सुकू द्या, मग खोचा. मूळ बाटलीत काड्या बुडवू नका, छोट्या वाटीत ओतून घ्या आणि उरलेलं फेकून द्या. कोवळ्या काडीचा बुडखा अल्कोहोलनं काळा पडत असेल तर पावडरीतलं संप्रेरक वापरा. खोचताना आधी काठीनं भोक पाडा, नाहीतर पावडर वरच्या वर पुसली जाते.

माध्यम २१ ते २४ अंश आणि वरची हवा त्याहून थोडी गार, हे जुळलं तर मुळं फुटव्याआधी येतात. उलटं झालं की काडीतला साठा पानांवर खर्च होतो. वर हिरवीगार पालवी बघून विद्यार्थी खूश होतात आणि उपटून पाहिलं तर खाली काहीच नसतं. पालवीवरून यश ठरवू नका, हलकेच ओढून विरोध जाणवतो का ते बघा.

पानगळ

गुटी कलमाला (झाडावरच्याच फांदीला मुळं फोडायच्या कलमाला) गाठ येते पण मुळं फुटत नाहीत. कशामुळे?

खुंट_आणि_डोळा

सालीचं कडं काढल्यावर आतला ओला, बुळबुळीत थर खरवडला नसेल तर. तोच वर्धी थर, नवं लाकूड आणि साल तयार करणारा. तो राहिला की साल दोन्हीकडून पुन्हा जुळते, अन्नरस खाली जातो आणि वरच्या काठावर साठत नाही. साठलाच नाही तर मुळं येत नाहीत. पेन्सिलच्या जाडीच्या फांदीवर अडीच-तीन सेंमी रुंद कडं काढा आणि चाकूच्या पाठीनं लाकूड कोरडं वाटेपर्यंत खरवडा. संप्रेरक वरच्या काठाला लावा, मुळं तिथूनच येतात. कड्याभोवती गुंडाळायचं शेवाळ (मॉस) भिजवून घट्ट पिळा, मगच प्लॅस्टिकात बांधा. पाणी ठिबकणारं शेवाळ बांधलं तर आतली साल कुजते. प्लॅस्टिकची वरची गाठ घट्ट हवी, म्हणजे पावसाचं पाणी आत उतरत नाही.

आता पाचर कलम (पाचरीसारखी तासलेली काडी चिरेत बसवणं) आणि डोळा भरणं (काडीऐवजी फक्त एक डोळा बसवणं). नियम एकच, खुंटाचा (खालच्या, मुळं असलेल्या झाडाचा) वर्धी थर आणि कलमकाडीचा (वर जोडायच्या काडीचा) वर्धी थर भिडले पाहिजेत. खुंट जाड आणि काडी बारीक असेल तर मधोमध बसवू नका, एका कडेला सरकवा. शिवाय खुंटाची साल जाड असते. बाहेरची सपाटी जुळवली तर आतले थर चुकतात. काडी किंचित आत घ्यावी लागते. डोळ्यांना ते वाकडं दिसतं, पण बरोबर असतं.

काप एकाच ओढीत, सपाट. दोनदा तासला की मध्ये फुगवटा राहतो आणि पोकळीत पाणी साचतं. कलम चाकूला धार एकाच बाजूनं असते, ती तशीच राखा. दोन्ही बाजूंनी लावली की काप वळतो. एका झाडाकडून दुसऱ्याकडे जाताना पातं ७० टक्के अल्कोहोलनं पुसा.

टी आकाराच्या कापात डोळा भरायचा तर साल सुटत असली पाहिजे, म्हणजे झाड जोमात वाढत असलं पाहिजे. नसेल तर चकतीसारखा लाकडासकट डोळा काढून तेवढ्याच खाचेत बसवा, त्याला साल सुटण्याची गरज नाही. डोळ्याखाली देठाचा तुकडा ठेवा. दोन-तीन आठवड्यांनी बोट लावताच देठ गळून पडला तर डोळा लागला. वाळून चिकटून राहिला तर गेला, त्याच खुंटावर दुसऱ्या बाजूला पुन्हा भरा.

वाफा_सात

खूप उपयोगी. वाफ्याला पाणी किती वेळ सोडायचं ते कोणी हिशेबानं सांगेल का? आमच्यात प्रत्येक जण वेगळं सांगतो.

ओलावा

१ चौरस मीटरवर १ मिमी पाणी म्हणजे १ लिटर. एवढं लक्षात ठेवलं की पुढचं सोपं आहे.

तुमचा वाफा १.२ बाय ५ मीटर धरू, म्हणजे ६ चौरस मीटर. हवामान केंद्राकडून संदर्भ बाष्पोत्सर्जन (जमीन आणि प्रमाण गवत यांतून हवेत जाणारं पाणी) घ्या, समजा दिवसाला ५ मिमी. त्याला पीक गुणांकानं (त्या पिकाला याच्या किती पट पाणी लागतं त्या आकड्यानं) गुणा. अन्न व कृषी संघटनेनं १९९८ मध्ये दिलेल्या पद्धतीत टोमॅटोसाठी तो सुरुवातीला ०.६ आणि भर वाढीत १.१५ आहे. भर वाढीत ६ × ५ × १.१५ म्हणजे ३४.५ लिटर. ठिबकची कार्यक्षमता ९० टक्के धरली तर ३८ लिटर सोडावे लागतात. दोन नळ्या, ४० सेंमीवर तासाला २ लिटरचे ड्रिपर, म्हणजे २४ ड्रिपर आणि तासाला ४८ लिटर. वेळ साधारण ४८ मिनिटं. रोपं लहान असताना याच वाफ्याला निम्मा वेळ लागतो, आणि तेव्हाच सगळे जास्त सोडतात.

ड्रिपरवर छापलेल्या आकड्यावर विसंबू नका. मोजपात्र ६ मिनिटं खाली धरा, २ लिटरच्या ड्रिपरखाली २०० मिली जमायला हवं. नळीच्या सुरुवातीचा, मधला आणि शेवटचा, असे तिन्ही मोजा. शेवटचा फार कमी निघाला तर गाळणी धुवा आणि नळीचं टोक उघडून गाळ वाहू द्या.

आणि हिशेब कितीही नेटका असला तरी १५ सेंमी खोल माती काढून हातात दाबून बघायची. वरची माती सुकलेली दिसते म्हणून पाणी देणं आणि दुपारी पानं मान टाकतात म्हणून पाणी देणं, दोन्ही चूक. उन्हात माना टाकलेलं झाड संध्याकाळी सावरत असेल तर त्याला पाणी नको आहे. सकाळीही सुकलेलं असेल तर खणून बघा. माती ओली असूनही सुकत असेल तर मुळं गुदमरली आहेत.

हिशेबी

खताचाही असाच हिशेब टाकतो. चौरस मीटरला १० ग्रॅम नत्र द्यायचं असेल तर युरियात नत्र ४६ टक्के, म्हणून १० भागिले ०.४६, म्हणजे २२ ग्रॅम. ६ चौरस मीटरला १३० ग्रॅम, तीन हप्त्यांत. एका हप्त्यात दिलं तर बरंचसं खाली वाहून जातं आणि कोवळी मुळं करपतात.

१९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश प्रत्येकी १९ टक्के) हे खत लिटरला १ ग्रॅम म्हणजे १९० पीपीएम नत्र. प्रोट्रेतल्या रोपांना अर्धा ग्रॅम भरपूर, ९५ पीपीएम होतं. पण त्यात स्फुरद आणि पालाशही १९०-१९० पीपीएम आहेत असं समजू नका. पिशवीवरचे आकडे ऑक्साइडच्या रूपातले असतात. प्रत्यक्ष स्फुरदासाठी ०.४४ नं, पालाशसाठी ०.८३ नं गुणायचं.

पानगळ

पानं पिवळी पडली की आम्ही सरळ युरिया देतो...

हिशेबी

आधी कोणती पानं ते बघा. नत्र झाडात फिरतं, म्हणून कमी पडलं की झाड जुन्या पानांतून ते काढून नव्यांना देतं. जुनी पानं सगळीच्या सगळी फिकट होतात. मॅग्नेशियमही जुन्याच पानांत दिसतं, पण शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा. लोह फिरत नाही, त्याचा पिवळेपणा शेंड्याच्या पानांत. तिथे युरिया देऊन काही होणार नाही. सामू (पीएच) ७.५ च्या वर असेल तर मातीत लोह असूनही झाडाला मिळत नाही. आणि गच्च ओल्या मातीतही शेंडा असाच पिवळा पडतो, तेव्हा चिलेटेड लोह (झाडाला सहज घेता येईल अशा रूपातलं) आणण्याआधी ओलावादादांची मुठीची चाचणी करा.

छाटणीकर

छाटणीवर थोडक्यात. मोठी फांदी तीन कापांत काढायची. पहिला खोडापासून ३० सेंमीवर खालून, जाडीच्या एक तृतीयांश. दुसरा त्याच्या थोडा पुढे वरून, फांदी पडेपर्यंत. तिसरा काप फुगीर कंगोऱ्याच्या (फांदी खोडाला मिळते तिथल्या फुगवट्याच्या) लगेच बाहेर. पहिला काप टाळला की फांदी पडताना खोडाची साल खालपर्यंत सोलते.

कंगोरा कापायचा नाही, खुंटीही ठेवायची नाही. झाड जखम भरून काढत नाही, ती आत बंदिस्त करून बाहेर नवं लाकूड घालतं. १९७७ मध्ये ॲलेक्स शिगो आणि मार्क्स यांनी मांडलेलं हे तत्त्व आता सर्वमान्य आहे. बंदिस्त करणारी यंत्रणा त्या कंगोऱ्यात असते. जखमेवर रंग किंवा डांबर लावून कुजणं थांबत नाही, उलट ओल आत अडकते. काही रोगांत कीटक ताज्या जखमेकडे येतात, तेवढ्यापुरता अपवाद.

एका वर्षात पर्णसंभाराच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त काढू नका. फुलझुडपांत आधी विचारा, कळी जुन्या काडीवर येते की नव्या फुटीवर? जुन्या काडीवर येत असेल तर फुलं संपल्यावर लगेच छाटा. नव्या फुटीवर येत असेल तर वाढ सुरू होण्याआधी. विद्यार्थी सगळ्या झुडपांची एकाच दिवशी छाटणी करतात आणि निम्म्यांना त्या वर्षी फूल येत नाही.

वाफा_सात

शेवटचा प्रश्न. वर्षअखेरीला आम्हाला एक कोपरा आखून त्यात झुडपं आणि दोन झाडं लावायची आहेत. किती रोपं मागवायची आणि झाड किती खोल लावायचं? आधाराची काठी कधीपर्यंत?

मातीवाली

आराखडा १:५० प्रमाणात काढा आणि वर्तुळं पूर्ण वाढलेल्या झाडाच्या व्यासाची काढा, आज दिसतं त्याची नाही. दाट लावायच्या रोपांत ३० सेंमी अंतरानं चौकोनी मांडणीत चौरस मीटरला ११ बसतात, त्रिकोणी मांडणीत जवळपास १३. त्रिकोणी घ्या, जमीन लवकर झाकली जाते आणि तण कमी येतं.

खड्डा मुळांच्या गोळ्याच्या दुप्पट-तिप्पट रुंद, पण खोली गोळ्याएवढीच. खाली भुसभुशीत माती भरली तर झाड बसतं आणि खोड गाडलं जातं. खोड जिथे रुंद होऊन मुळांत उतरतं ती जागा जमिनीच्या पातळीवर दिसली पाहिजे. पिशवीतल्या झाडात ती बऱ्याचदा मातीखाली लपलेली असते, तेवढी वरची माती काढून शोधा. गोल फिरलेली मुळं कापा किंवा सोडवून बाहेर वळवा. तशीच ठेवली तर काही वर्षांनी ती खोडालाच आवळतात. आच्छादन ५-८ सेंमी, खोडापासून १० सेंमी दूर.

छाटणीकर

काठी फक्त झाड स्वतः उभं राहत नसेल तरच. बांधायची ती खालच्या एक तृतीयांशात, रुंद मऊ पट्टीनं, इंग्रजी 8 च्या आकारात आणि थोडी सैल. वाऱ्यानं खोड हललं तरच बुंधा जाड होतो. दर महिन्याला पट्टी तपासा, आणि वाढीचा एक हंगाम झाला की काढून टाका. काढायची राहून गेली तर पट्टी सालीत रुतते, आणि पुढच्या जोरदार वाऱ्यात झाड नेमकं तिथेच मोडतं.